दोन शब्दांनी उघडणारी गुहा

संगणकावरचा खेळ म्हटला की तुमच्या डोळ्यांसमोर काय उभे राहते? धावणाऱ्या मोटारी, उड्या मारणारी माणसे, रंग आणि आवाज, होय ना? पण आज मी तुम्हांला अशा खेळाची ओळख करून देणार आहे, ज्यात एकही चित्र नाही. पडद्यावर दिसतात फक्त शब्द. तुम्ही कुठे उभे आहात, समोर काय पडले आहे, वाटा कोणत्या दिशांना जातात, एवढे संगणक सांगतो आणि थांबतो. मग तुम्ही एक आज्ञा टंकायची: 'दिवा घे', 'दार उघड', 'खाली जा'. संगणक ती आज्ञा पाळतो आणि पुढे काय घडले ते सांगतो. चित्र काढायचे काम तुमच्या मनाकडे!

हे खेळ कसे खेळायचे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ते कसे रचायचे, हे आता पाहू.

खऱ्या गुहेतून जन्म

अमेरिकेच्या केंटकी राज्यात मॅमथ नावाची चुनखडीची गुहा आहे. ही जगातली सर्वांत लांब ज्ञात गुहा असून तिचे आजवर ६८० किलोमीटरहून अधिक मार्ग मोजले गेले आहेत. १९७२ साली एका तुकडीने या गुहेचा शेजारच्या फ्लिंट रिज गुहेशी असलेला जोडमार्ग शोधून काढला. त्या तुकडीत पॅट्रिशिया क्राउदर या होत्या. त्यांचे पती विल क्राउदर हेही गुहा धुंडाळणारे आणि त्यांचे नकाशे करणारे. पेशाने ते संगणकतज्ज्ञ होते. आजच्या इंटरनेटची पूर्वज असलेली 'आर्पानेट' ही जोडणी ज्या थोड्या लोकांनी उभारली, त्यांत त्यांचा वाटा होता.

पुढे पतिपत्नी विभक्त झाले. गुहांच्या सफरी थांबल्या, दोन मुलींचा सहवासही कमी झाला. तेव्हा १९७५-७६ च्या सुमारास क्राउदर यांनी मुलींना खेळता येईल असा एक खेळ लिहिला. त्यातल्या खोल्या, भुयारे आणि खड्डे त्यांनी आपल्या ओळखीच्या त्या खऱ्या गुहेतूनच घेतले. खेळाचे नाव 'अ‍ॅडव्हेंचर', म्हणजे 'साहस'.

स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या डॉन वुड्स या विद्यार्थ्याच्या हाती हा खेळ पडला. क्राउदर कुठे असतात हे त्याला ठाऊक नव्हते. म्हणून आर्पानेटवरच्या प्रत्येक संगणकावर 'क्राउदर' या नावाने त्याने पत्र धाडले! उत्तर आले, परवानगी मिळाली, आणि १९७७ साली वुड्सने खेळात खजिने, कोडी आणि ३५० गुणांची मोजणी घालून तो पूर्ण केला. क्राउदर यांची मूळ आज्ञावली मात्र हरवली असेच सर्वांना वाटत होते. ती २००५ साली वुड्सच्या जुन्या साठ्यात सापडली. डेनिस जर्झ या संशोधकाने प्रत्यक्ष गुहेत उतरून खेळातल्या जागा ताडून पाहिल्या, तेव्हा खेळ आणि गुहा यांचा मेळ किती जवळचा आहे हे स्पष्ट झाले.

पाचच अक्षरे का?

या खेळात आज्ञा द्यायची ती एका किंवा दोन शब्दांत. संगणक प्रत्येक शब्दाची पहिली पाचच अक्षरे पाहत असे. पाचच का? याचे कारण गंमतीचे आहे. हा खेळ 'पीडीपी-१०' या संगणकावर लिहिला होता. त्याच्या स्मृतीतल्या एका कप्प्यात ३६ बिट मावत. एका इंग्रजी अक्षराला ७ बिट लागत. पाच साते पस्तीस. म्हणजे एका कप्प्यात पाच अक्षरे बसली आणि एक बिट उरला!

या काटकसरीची किंमतही मोजावी लागली. 'उत्तर' या दिशेचा 'नॉर्थ' हा इंग्रजी शब्द नेमका पाच अक्षरांचा आहे. 'ईशान्य' म्हणजे 'नॉर्थईस्ट'. त्याची पहिली पाच अक्षरेही तीच. संगणकाला दोन्ही सारखेच! म्हणून ईशान्येला जायचे असल्यास नुसती आद्याक्षरे टंका, अशी सूचना खेळाच्या आरंभीच दिलेली असे.

पुढे अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत चार तरुणांनी १९७७ साली 'झॉर्क' हा खेळ लिहायला घेतला. त्याला पुरी वाक्येही समजू लागली. १९७९ साली 'इन्फोकॉम' ही कंपनी निघाली. घरगुती संगणकांची स्मृती तेव्हा फारच तोकडी होती. म्हणून या मंडळींनी एका अक्षराला ५ बिटच दिले. ५ बिटांपासून ३२ वेगवेगळ्या खुणा बनतात. इंग्रजी मुळाक्षरे २६. तीन अक्षरांना १५ बिट लागले, आणि १६ बिटांच्या जागेत ती बसली. मोठी अक्षरे, अंक यांच्यासाठी वेगळी युक्ती केली. इन्फोकॉम १९८९ साली बंद पडली, पण तिचे खेळ आजही खेळता येतात.

पक्षी, पिंजरा आणि काठी

आता खेळण्याकडे वळू. 'अ‍ॅडव्हेंचर'मधले एक कोडे पाहा. गुहेत एक लहानसा पक्षी आहे. तुमच्याजवळ पिंजरा आहे. पण पकडायला गेलात की पक्षी बिथरतो. संगणक सांगतो, की तुम्ही आत आलात तेव्हा तो घाबरलेला नव्हता, जवळ जाताच बुजला. आता काय कराल? पुन्हा पुन्हा 'पक्षी पकड' असे टंकत बसाल? त्याने काहीच साधणार नाही.

प्रयोगशाळेत आपण काय करतो? लंबकाचा आवर्तकाल कशावर अवलंबून आहे हे शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलतो. लांबी बदलली, तर वजन तेच ठेवतो. इथेही तसेच करा. हातातली एकेक वस्तू खाली ठेवून पाहा. तुम्ही वाटेत उचललेली काळी काठी खाली ठेवलीत, की पक्षी निमूटपणे पिंजऱ्यात येतो. त्याला भीती होती ती काठीची! आणि हा पक्षी कशासाठी? पुढे एक मोठा साप वाट अडवून बसला आहे, त्याला हा पक्षीच पळवून लावतो.

दुसरे उदाहरण चक्रव्यूहाचे. गुहेच्या एका भागात खोल्यांमागून खोल्या लागतात आणि सगळ्यांचे वर्णन शब्दशः एकच. भर म्हणजे उत्तरेला जाऊन पुन्हा दक्षिणेला आलात, तर पहिल्या खोलीत याल असा नेम नाही! यातून सुटका कशी? प्रत्येक खोलीत एकेक वस्तू टाकून ठेवा. एका खोलीत किल्ल्या, दुसरीत पिंजरा, तिसरीत अन्न. आता खोल्या वेगळ्या ओळखू येतील. मग कागदावर प्रत्येक खोलीसाठी एक वर्तुळ काढा आणि कोणत्या दिशेने कुठे जाता येते ते बाणांनी दाखवा. जमिनीखालचा झरा कुठे निघतो हे पाहण्यासाठी शास्त्रज्ञ पाण्यात रंग सोडतात, त्याच जातीची ही युक्ती आहे. पण वेळ दवडू नका. दिव्याची बॅटरी संपते! आरंभीच्या सूचना न मागता खेळणाऱ्याला ती ३३० चालीच पुरते.

आता तुमचा खेळ रचा

क्राउदर यांच्याप्रमाणे तुम्हीही आपल्या माहितीच्या जागेपासून सुरुवात करा. समजा, आपण एक जुने घर घेतले. त्यात पाच जागा: पडवी, माजघर, स्वयंपाकघर, परस आणि कोठार. कोठाराला कुलूप आहे आणि आत काळोख आहे. वस्तू तीन: कंदील, काड्यापेटी आणि किल्ली. कोठारातला ठेवा शोधायचा, एवढाच खेळ.

किती सोपे, असे तुम्ही म्हणाल. थांबा, थोडे गणित करू. खेळणारा पाचांपैकी एका जागी असेल. प्रत्येक वस्तू पाचांपैकी एका जागी किंवा खेळणाऱ्याच्या हातात, म्हणजे सहा शक्यता. तीन वस्तूंच्या ६ × ६ × ६ = २१६. त्यांना ५ ने गुणले की १०८०. कंदील पेटलेला किंवा विझलेला, कुलूप लावलेले किंवा उघडे, काड्या ओल्या किंवा कोरड्या; दर वेळी दुप्पट. एकूण ८६४०! यांतल्या काही प्रत्यक्षात येणार नाहीत, हे खरे. तरीही एवढ्याशा घराच्या हजारो अवस्था झाल्या. प्रत्येकीसाठी वेगळे पान लिहायचे ठरवले, तर जाडजूड ग्रंथ होईल.

म्हणून रचनाकार पाने लिहीत नाही, नियम लिहितो. काड्या चुलीजवळ पाच चाली राहिल्या, तर कोरड्या होतील. काडी कोरडी असेल आणि कंदील हातात असेल, तरच कंदील पेटेल. कंदील पेटलेला नसेल, तर कोठारात काही दिसणार नाही. असे दहाबारा नियम हजारो अवस्था सांभाळतात. निसर्गाचेही असेच नाही का? न्यूटनचे नियम तीनच, पण चेंडू, लंबक आणि रॉकेट या सर्वांना ते पुरतात. मात्र एक पथ्य पाळा. एकदा केलेला नियम मध्येच मोडू नका. आज चुलीजवळ काड्या सुकल्या आणि उद्या त्याच परिस्थितीत सुकल्या नाहीत, तर खेळणाऱ्याने विचार करायचा कशाच्या आधारावर?

नकार कसा द्यावा?

खेळणारा चुकणारच. खरे पाहता बहुतेक वेळ तो चुकतच असतो. म्हणून तुमच्या खेळाची परीक्षा होते ती नकारांत. तो टंकतो, 'काडी ओढ'. तुम्ही उत्तर दिले, 'काही घडले नाही', तर त्याच्या पदरात काय पडले? त्याऐवजी लिहा: 'काडी ओढली, पण ओलसर गूल घासून गळून पडला, ठिणगी उडाली नाही.' आता त्याला कळले, की दोष काडीत नाही, ओलाव्यात आहे. उत्तर तुम्ही सांगितले नाही, वाट दाखवली.

थोर खेळही इथे चुकले आहेत. 'अ‍ॅडव्हेंचर'मध्ये ३४९ गुण मिळवूनही शेवटचा एक गुण अडून राहतो. तो मिळवण्यासाठी गुहेत सापडलेले एक मासिक एका ठरावीक आडजागी नेऊन ठेवावे लागते. तसे का करावे, हे तर्काने सुचणे जवळजवळ अशक्य! अशा ठिकाणी खेळणारा हरत नाही, रचनाकार हरतो. कारण त्याने समोरच्याच्या मनाचा विचार केलेला नसतो.

आज्ञा मराठीत का नको?

हे खेळ बव्हंशी इंग्रजीत झाले. मराठीत लिहायचे तर काय अडचणी येतील? 'विहीर' हा शब्द घ्या. 'विहीर पाहा' इथे 'विहीर', पण 'विहिरीत उतर' म्हणताच दुसरे अक्षर बदलले. 'दिवा घे', पण 'दिव्यात तेल घाल'. पहिली पाच अक्षरे पाहण्याची युक्ती इथे लंगडी पडते! उपाय तुमच्या व्याकरणाच्या पुस्तकातच आहे. प्रत्येक नामाची दोन रूपे कोशात ठेवायची: मूळ रूप आणि सामान्यरूप. मग शेवटचा प्रत्यय वेगळा काढायचा.

या प्रत्ययांचा फायदाही आहे. 'पक्षी पिंजऱ्यात ठेव' म्हणा किंवा 'पिंजऱ्यात पक्षी ठेव' म्हणा, काय कशात ठेवायचे हे 'त' या एका प्रत्ययावरून कळते. शब्दांचा क्रम बदलला तरी बिघडत नाही. आणि नुसते 'उत्तर' असे टंकले, तर ती दिशा समजावी की प्रश्नाचे उत्तर? पुढे 'दे' आले का, ते आधी पाहावे लागेल. अशा जागा तुम्हांला आणखी सापडतील. त्या शोधताना आपली भाषा कशी चालते हेही उमगेल.

हे सारे करायला संगणक हवाच असे नाही. ज्यांच्याजवळ तो आहे, त्यांना 'इन्फॉर्म' आणि 'ट्वाइन' ही साधने विनामूल्य मिळतात. 'इन्फॉर्म' ग्रॅहॅम नेल्सन यांनी १९९३ साली प्रथम उपलब्ध केले. 'ट्वाइन' २००९ सालचे. ज्यांच्याजवळ संगणक नाही, त्यांनी नकाशा आणि नियम वहीत लिहावेत आणि स्वतःच संगणक व्हावे. मित्राला समोर बसवा. त्याने आज्ञा द्यायची, तुम्ही फक्त वहीतल्या नियमांप्रमाणे उत्तर द्यायचे. डोळ्यांनी खुणावायचे नाही, हसायचे नाही, मनचे नियम घालायचे नाहीत! ज्या आज्ञेला तुमच्याजवळ उत्तर नसेल, ती बाजूला लिहून ठेवा. तासाभराने ती यादी वाचा. पुढचे नियम कोणते लिहायचे, हे तुमचा मित्रच तुम्हांला सांगून गेलेला असेल.