गाडीखालचे ठोकळे

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात सकाळी शिरलं की माणसांच्या आधी आवाज भेटतात. लेथची घरघर, ग्राइंडरची किरकिर, मधूनच घणाचा ठोका. सगळी वस्तीच लोखंडाची. अशा ठिकाणी एका गॅरेजच्या भिंतीशी लाकडाची एक रास व्यवस्थित रचलेली दिसते. चार इंच रुंद, चार इंच जाड, दीड फूट लांब असे चोवीस तुकडे. उन्हापावसाने करडे पडलेले, पण कोरडे आणि स्वच्छ. एखाद्यावर तेलाचा थेंब पडला, तर गॅरेजचे मिस्त्री हातातलं काम थांबवून तो आधी पुसून घेतात. पान्याला ग्रीस लागलेलं त्यांना चालतं, ठोकळ्याला लागलेलं चालत नाही.

गाडी वर उचलली की तिच्या चार बाजूंना या तुकड्यांची चौकट उभी राहते. दोन आडवे, त्यावर दोन उभे, पुन्हा दोन आडवे. लहानपणी काडेपेटीच्या काड्यांची विहीर रचायचो, तसंच. गाडी त्यावर टेकते आणि मगच माणूस खाली सरकतो. मिस्त्रींचं सगळं शास्त्र एका वाक्यात मावतं : "जॅकनं उचलायचं, ठोकळ्यानं धरायचं." उचलणं आणि धरणं ही दोन वेगळी कामं आहेत. ज्यांनी ती एकाच अवजारावर सोपवली, त्यांच्यातले कित्येक जण गाडीखालून परत आले नाहीत.

जॅक हे हुशार यंत्र आहे यात शंका नाही. कोंडलेल्या द्रवावर एका जागी दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोचतो, हा नियम फ्रान्सच्या ब्लेझ पास्कल यांनी सतराव्या शतकात मांडला. त्याच्या आधारावर जोसेफ ब्रामा यांनी इंग्लंडमध्ये १७९५ साली हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट घेतलं आणि न्यूयॉर्कच्या रिचर्ड डजन यांनी १८५१ मध्ये हातातून नेता येईल अशा हायड्रॉलिक जॅकचं. बारीक दट्ट्या दांड्याने खालीवर करायचा, तेल मोठ्या दट्ट्याखाली जातं आणि एका माणसाच्या हाताने टनभर वजन वर चढतं.

पण ते वर राहतं कशाच्या जोरावर? रबराच्या एका सीलच्या आणि एका बारीकशा झडपेच्या. सीलला चीर पडली, झडपेत कचऱ्याचा कण अडकला, की तेल आलं त्या वाटेने परत जाऊ लागतं. बाहेरून काहीच दिसत नाही. दट्ट्या कधी तासाभरात उतरतो, कधी एका क्षणात. डिकीत मिळणाऱ्या स्क्रूच्या जॅकमध्ये तेल नसतं, पण त्याचा पाया तळहाताएवढा असतो आणि गाडी जरा पुढेमागे सरकली तरी तो कलंडतो. म्हणूनच गाडीबरोबर येणाऱ्या पुस्तकात लिहिलेलं असतं की हा जॅक चाक बदलण्यापुरता आहे, त्याच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका. ते पान फार थोडे लोक वाचतात.

मीही वाचलं नव्हतं. मे महिन्यातली दुपार होती. घरासमोरच्या डांबरी रस्त्यावर गाडी जॅकवर घेतली होती आणि पुढचं चाक काढून बाजूला ठेवलं होतं. सायलेन्सरचा सैल झालेला पट्टा कुठे सुटलाय ते पाहायला खाली वाकणार, तेवढ्यात घरातून हाक आली. मी दोन पावलं गेलो असेन, मागे धप्प असा आवाज झाला. उन्हाने मऊ पडलेल्या डांबरात जॅकचा पाया एका बाजूने रुतला होता आणि गाडी ब्रेकच्या चकतीवर येऊन बसली होती. जॅक धडधाकट होता. त्याच्याखालची जमीन नव्हती. त्या दिवसापासून गाडीखालच्या वस्तूंकडे मी नीट पाहू लागलो आणि पाहता पाहता या ठोकळ्यांपाशी येऊन थांबलो.

टेकू ही गोष्ट आपल्याला नवी नाही. बैलगाडीचं चाक काढून आसाला वंगण घालायचं, तर आसाखाली लाकूड देऊनच घालत. मोटार आली, आस लोखंडाचा झाला, पण खाली देण्याची वस्तू तीच राहिली. आणि हे लाकूड केवळ गाड्यांखालीच गेलं असंही नाही. लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून मुंबईला आले आणि त्यांच्या देखरेखीखाली १७५० साली मुंबईत सुकी गोदी उभी राहिली. सुक्या गोदीत पाणी उपसलं की अख्खं जहाज ठोकळ्यांच्या रांगेवर बसतं. जहाजाचा तळ कधीच पट्टीने आखल्यासारखा सरळ नसतो. कठीण दगडावर तो दोनचार ठिकाणीच टेकेल आणि तिथेच चेपेल. लाकूड मात्र जिथे जास्त भार येतो तिथे किंचित दबतं आणि उरलेला भार शेजारच्या ठोकळ्याकडे सरकवतं. आजही गोद्यांमध्ये काँक्रीटच्या ठोकळ्यांवर वरचा थर लाकडाचा देतात, तो याच गुणासाठी.

विदर्भातल्या भूमिगत कोळसा खाणींत हीच चौकट छताला आधार द्यायला रचली गेली. तिथे तिला चॉक म्हणतात. वरचा खडक दाबू लागला की लाकूड आधी कुरकुरतं, मग त्याच्या कडा चेपू लागतात. जुने खाणकामगार तो आवाज ओळखून बाजूला होत. लोखंडाचा खांब अधिक भार घेईल, पण लाकूड आधी बोलतं. तंतूंना आडवा दाब आला की ते हळूहळू चिरडत जातं, एकदम तुटत नाही. गाडीखाली झोपणाऱ्या माणसासाठी यापेक्षा मोलाचा गुण कुठला?

लाकडावर एवढा विश्वास ठेवावा का, या शंकेचं उत्तर साध्या गणितात आहे. अपघातस्थळी अडकलेल्यांना सोडवणारी बचाव पथकंही अशाच चौकटी रचतात. तंतूंना आडव्या दाबासाठी ती मऊ इमारती लाकडालाही दर चौरस सेंटीमीटरला साधारण ३५ किलोचा भार सुरक्षित धरतात. आपला तुकडा १० सेंटीमीटर रुंद. दोन तुकडे एकमेकांवर आडवेउभे आले की १०० चौरस सेंटीमीटर जागा मिळते, म्हणजे ३,५०० किलो. चौकटीला असे चार कोपरे, म्हणजे १४,००० किलो. छोट्या गाडीचं सगळं वजन ८०० ते ९०० किलो आणि तेही चार चौकटींत वाटलेलं. इंजिन पुढे असल्यामुळे पुढच्या दोन चौकटींवर जास्त आलं, तरी एकीवर तीनशे किलोच्या आतबाहेर.

म्हणजे भाराने चौकट मोडेल ही भीती जवळजवळ निराधार आहे. धोका आहे तो घसरण्याचा, कलण्याचा, खालची जमीन खचण्याचा. ठोकळे बनवण्याची सगळी कारागिरी या तीन शत्रूंसाठी आहे.

सुरुवात लाकडापासून. टिंबर मार्केटमधल्या वखारीत साग महाग पडतो, म्हणून मिस्त्रींची नजर पाडलेल्या वाड्यांच्या जुन्या तुळयांवर असते. पन्नाससाठ वर्षं छप्पर पेललेलं सागवान वाळून स्थिर झालेलं असतं, ते आता वाकत नाही की पिळत नाही. मात्र त्यातले खिळे उपटायचे, टोकाने टोचून वाळवी आणि कूज पाहायची, मोठी गाठ असलेला किंवा लांब चीर गेलेला भाग सरळ बाजूला टाकायचा. चिरेच्या वाटेने लाकूड एकदम फुटू शकतं. आधी बोलण्याचा त्याचा गुण तिथे कामी येत नाही. ओलं लाकूडही नको, कारण ते वाळताना आकसतं आणि फाटतं.

मग माप. तुकडे दीड फुटाचेच का? चौकट रचताना प्रत्येक तुकड्याचं टोक कोपऱ्याच्या बाहेर निदान चार इंच राहिलं पाहिजे. भार अगदी टोकावर आला तर तिथली ढलपी निघते आणि कोपरा सुटतो. बाहेर राहिलेलं ते लाकूड वाया गेल्यासारखं दिसतं, पण कोपरा एकत्र बांधून ठेवणारं तेच असतं. जाडीच्या बाबतीत मिस्त्री तर हट्टीच. चोवीसही तुकड्यांवर रंधा मारून ते एका जाडीचे करायचे, गुण्या लावून काटकोन तपासायचा. एक तुकडा एका टोकाला सुताभरानेही कमी निघाला, तर चौकट तीन कोपऱ्यांवर बसते आणि चौथा डुलतो.

बचाव पथकांमध्ये चौकटीची उंची पायाच्या तिपटीपर्यंत नेण्याची मुभा असते. ती माणसं प्रशिक्षित असतात आणि त्यांच्यापुढे दुसरा इलाज नसतो. गॅरेजचा नियम कडक आहे : उंची तुकड्याच्या लांबीपेक्षा कधीही जास्त नको. तीन थरांचे ३० सेंटीमीटर, त्यावर दोन इंची जाड फळी, एकूण ३५. तुकडा ४५ चा. इतक्या बसक्या चौकटीला कलंडवणं अवघड असतं. थर एकमेकांना लांब स्क्रूने जोडले की सरकण्याची भीतीही जाते. स्क्रूचं काम तुकडे एकत्र ठेवण्याचं, भार मात्र लाकडावरून लाकडावरच उतरला पाहिजे.

वरच्या फळीत एक उथळ खाच असते. गाडीच्या दाराखाली कडेने पत्र्याची उभी पट्टी जाते आणि जॅक लावायच्या जागा तिच्यावरच ठरवलेल्या असतात. ती धारेसारखी असते. सपाट लोखंडावर टेकली तर वाकते किंवा घसरते. लाकडाच्या खाचेत ती बसते, थोडी रुतते आणि तिथेच राहते. ऑइल चेंबरखाली किंवा तळाच्या पातळ पत्र्याखाली ठोकळा कधीच द्यायचा नाही.

याच कामासाठी बाजारात लोखंडी घोड्या मिळतात. चांगल्या कारखान्याची, भार छापलेली घोडी उत्तमच असते आणि ज्याला ती घेता येते त्याने जरूर घ्यावी. पण तिलाही वेल्ड असतात, दात असतात, खटका असतो. २०२० साली अमेरिकेत एका मोठ्या विक्रेत्याला अशा लाखो घोड्या परत मागवाव्या लागल्या, कारण भार असताना खटका दातांतून सुटू शकत होता. बदली म्हणून दिलेल्यांपैकी काहींच्या वेल्डिंगमध्येही पुढे दोष निघाला. वेल्डच्या पोटातली पोकळी डोळ्यांना दिसत नाही. ठोकळ्यात हलणारा भागच नाही. त्यातलं जे बिघडू शकतं, त्यातलं बहुतेक हाताला आणि डोळ्याला सापडतं. त्याला कारखान्याचा शिक्का मात्र नसतो, म्हणून दर वेळी तपासायची जबाबदारी वापरणाऱ्याची.

आणि विटा? रस्त्याकडेला विटांवर किंवा सिमेंटच्या पोकळ ब्लॉकवर चढवलेली गाडी आपण सगळ्यांनी पाहिली आहे. ती पाहून माझ्या पोटात आता गोळा येतो. वीट आणि ब्लॉक ठिसूळ. भिंतीत त्यांच्यावर भार सगळीकडून सारखा येतो, गाडीखाली तो एका बिंदूवर येतो. कुरकुर नाही, चेपणं नाही, एका क्षणात भुगा. लाकडाचा एकच ओंडका उभा करून त्यावर गाडी टेकवणंही तितकंच वाईट. तो भार घेईल, पण हलक्या धक्क्यानेही आडवा होईल.

संध्याकाळी एक गाडी आली, क्लच प्लेटचं काम. मी कडेला उभा राहून पाहत होतो. गॅरेजातला पोरगा सतराअठरा वर्षांचा, कामाला लागून चार महिने झालेला. अजून त्याच्या हाती इंजिन दिलेलं नाही. त्याने जागा काँक्रीटची आणि सपाट आहे हे पाहिलं, हँडब्रेक ओढला, गिअर टाकला, मागच्या चाकांना पुढून आणि मागून पाचरी मारल्या. जॅक लावून पुढची बाजू उचलली. दोन्हीकडे चौकटी सरकवल्या, बसून चारही कोपरे हाताने चाचपले, पट्टी खाचेवर येतेय का ते पाहिलं. मग झडप अगदी सावकाश सैल केली. गाडी उतरली, लाकडात एकदा कर्र झालं आणि थांबलं. जॅक त्याने काढून नेला नाही, चेसीला जेमतेम टेकेल असा परत वर घेतला. काढलेली चाकं दाराखाली आडवी सरकवली. सगळंच चुकलं तरी तेवढी फट राहावी म्हणून.

एवढं करून तो खाली जायला वाकला, तसा मिस्त्रींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "हलवून बघितलास?"

पोरगा उठला. बॉनेटला खांदा लावून त्याने गाडीला जोर दिला, आधी आडवा, मग पुढून. मिस्त्री तोवर चौकटीशी उकिडवे बसले होते, कान लाकडाकडे. पोराने तीनदा जोर दिला. लाकूड गप्प होतं.

"आता जा," ते म्हणाले, आणि पोरगा खाली गेल्यावरही ते तिथेच बसून राहिले.