संघाचा मालक आणि संघाचा प्रशिक्षक

मिरजगावच्या व्याख्यानमालेत मी फुटबॉलवर बोलणार, हे कळल्यावर एका मित्राने विचारले, "आपल्याकडे कुस्त्यांचा फड भरतो, कबड्डीचे सामने होतात, पोरे क्रिकेट खेळतात, फुटबॉल येथे कोणी पाहिला? आणि तुम्ही तर युनियनवाले. तुमचा त्या चेंडूशी संबंध काय?" प्रश्न रास्त होता. चेंडूशी माझा संबंध थोडा. पण मालक आणि नोकर या जोडीशी तीस वर्षांचा. फुटबॉलचा प्रशिक्षक कितीही नामांकित असला, तरी तो पगारावर ठेवलेला माणूस असतो. त्याला ठेवणारा मालक, काढणारा मालक. आणि संघ हरला की वर्तमानपत्रात फोटो मात्र प्रशिक्षकाचा! ही तऱ्हा मला ओळखीची वाटली म्हणून मी या विषयात शिरलो. त्या दिवशी वेळेअभावी जे सांगावयाचे राहिले, तेही या लेखात घातले आहे.

आधी कोणाचे काम काय ते पाहू. प्रशिक्षक खेळाडूंकडून सराव करून घेतो, कोणाला उतरवावयाचे आणि कसे खेळावयाचे ते ठरवितो. मालक मैदानात उतरत नाही. पण प्रशिक्षक कोण असावा, त्याला किती दिवस काम करू द्यावे आणि खेळाडूंच्या पगाराला किती पैसा द्यावा, या तिन्ही गोष्टी त्याच्या हातात असतात. शिवाय एक चौथी गोष्ट असते, ती पुढे येईलच.

मुंबईचे एक उदाहरण घेऊ. २००७ साली एस्सेल समूहाने 'मुंबई एफसी' नावाचा संघ काढला. संघ श्रीमंत नव्हता. २००९ पासून त्याचे प्रशिक्षक होते खालिद जमील. ते आधी स्वतः खेळाडू होते, बोलणे कमी, काम जास्त असा माणूस. आपल्या देशातील तेव्हाची वरची स्पर्धा म्हणजे आय-लीग. तिच्यात शेवटच्या क्रमांकाचा संघ खालच्या वर्गात जात असे. जमील यांनी सात वर्षे मुंबईला त्या खड्ड्यापासून दूर ठेवले. अजिंक्यपद मिळाले नाही, पण घसरणही झाली नाही. २०१६ मध्ये त्यांना निरोप मिळाला. पुढच्या एका हंगामात मुंबईने दोन प्रशिक्षक पाहिले, संघ तळाला गेला आणि खालच्या वर्गात उतरला. त्यानंतर संघच मोडला.

जमील गेले मिझोरामच्या ऐजॉल एफसीकडे. हा संघही आदल्या वर्षी खालच्या वर्गात घसरला होता. परंतु फुटबॉल महासंघाच्या धोरणावर रुसून गोव्याच्या मालकांनी २०१६ साली आपले संघ स्पर्धेतून काढून घेतले, जागा रिकाम्या झाल्या, आणि ऐजॉलला परत घेण्यात आले. म्हणजे गोव्याच्या मालकांच्या रागाने मिझोरामचे दार उघडले. जमील यांनी मुंबईत आपल्या हाताखाली खेळलेले आशुतोष मेहता आणि जयेश राणे हेही तेथे नेले. ३० एप्रिल २०१७ रोजी, मुंबई एफसी ज्या हंगामात तळाला गेली त्याच हंगामात, ऐजॉल भारताचे विजेते झाले! पुढे २०२५ साली जमील भारतीय संघाचे प्रशिक्षक झाले.

यावरून 'मालक मूर्ख आणि प्रशिक्षक थोर' असा निष्कर्ष काढण्याची घाई मी करीत नाही. ती आमच्या धंद्यातली जुनी खोड आहे, आणि तिच्यामुळे आम्ही पुष्कळदा फसलो आहोत. प्रश्न असा, की हरणाऱ्या संघाचा मालक प्रशिक्षकालाच का बदलतो?

एका साखर कारखान्यात मी युनियनचे काम पाहत होतो. तेथे चार गळीत हंगामांत तीन कार्यकारी संचालक झाले. उतारा पडला की साहेब बदलावयाचा! बॉयलरच्या नळ्या मात्र त्याच, गळक्या. दुरुस्तीला पैसे द्या म्हणून आम्ही दोनदा लेखी दिले. दुरुस्तीचा खर्च ताळेबंदात दिसतो, साहेब बदलण्याचा दिसत नाही. शिवाय सभासदांना वाटते, काहीतरी केले बुवा! चौथ्या हंगामात पाऊस चांगला झाला, ऊस चांगला आला, उतारा वाढला. सत्कार झाला तो नव्या साहेबांचा. आदल्या साहेबांपैकी एक जण, ज्यांनी आम्हाला कधी खुर्ची दिली नव्हती, ते एका संध्याकाळी युनियनच्या खोलीवर आले. राहिलेला पगार मिळत नव्हता. मी त्यांना चहा दिला आणि सांगितले, की कायद्यातल्या 'कामगार' या व्याख्येत व्यवस्थापकाची जागा बसत नाही. तुम्हाला तुमच्या करारपत्रावरच भांडावे लागेल. फुटबॉलच्या प्रशिक्षकाची स्थिती नेमकी हीच आहे. कराराचा कागद हीच त्याची युनियन.

बदलाने गुण येतो की नाही याचा अभ्यासही झालेला आहे. बास टेर वेल या डच अर्थशास्त्रज्ञाने १९८६ ते २००४ या काळातील हॉलंडचे फुटबॉल तपासले. प्रशिक्षक बदलल्यावर संघ सुधारतो, हे त्याला दिसले. पण पुढे त्याने एक शहाणपणाची गोष्ट केली. तितकेच वाईट हरत असलेले, पण प्रशिक्षक न बदललेले संघ त्याने शेजारी मांडले. तेही तितकेच सुधारले होते! आपल्या भागातल्या माणसाला हे समजावून सांगावे लागू नये. दोन वर्षे पाऊस दगा देतो, तिसऱ्या वर्षी गावात धोंडी काढतात, आणि पाऊस येतो. ज्या गावाने धोंडी काढली नाही, त्याच्याही शिवारात तो पडलेला असतो. पण तिकडे पाहतो कोण? इंग्लंडच्या फुटबॉलचा हिशेब मांडणाऱ्यांनी असेही दाखविले आहे, की अनेक वर्षांची सरासरी घेतली तर संघाचा क्रमांक खेळाडूंच्या एकूण पगाराशी फार जवळून जुळतो. युनियनवाल्याला याहून गोड वाक्य कोणते?

आता आपल्या जवळच्या पुण्याकडे या. २०१४ साली इंडियन सुपर लीग सुरू झाली. या स्पर्धेची घडण वेगळी. तेव्हा संघ विकत घ्यावयाचा, आणि तळाला गेला तरी खालच्या वर्गात उतरण्याचे भय नव्हते. सुरुवातीचे हंगाम दोन-अडीच महिन्यांचे. एवढ्या मुदतीत संघ घडविणार काय आणि प्रशिक्षक शिकविणार काय? मालकांना हवी होती नावे. मग परदेशातील गाजलेले, बहुधा उतरत्या वयाचे खेळाडू आले, आणि तसेच गाजलेले प्रशिक्षक आले. मुंबईने तर निकोला अनेल्का याला २०१५ मध्ये खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दोन्ही जागा दिल्या; संघ उपांत्य फेरीतही गेला नाही. एफसी पुणे सिटी हा बालेवाडीला खेळणारा संघ वाधवान समूहाचा होता, आणि अभिनेता हृतिक रोशन भागीदार. पाच हंगामांत त्याने फ्रँको कोलोम्बा, डेव्हिड प्लॅट, अंतोनिओ हबास, रांको पोपोविच, मिगेल पोर्तुगाल, मध्ये हंगामी म्हणून प्रद्युम्न रेड्डी आणि शेवटी फिल ब्राउन असे सात जण पाहिले. इटालियन, इंग्रज, स्पॅनिश, सर्बियन. प्रत्येकाची रीत निराळी, प्रत्येकाला हवे ते खेळाडू निराळे. एकदाच, पोपोविच यांच्या हंगामात, संघ पहिल्या चारांत आला. पुढच्या हंगामाला पोपोविचही नव्हते. पोर्तुगाल यांना तर हंगामाच्या पहिल्याच महिन्यात जावे लागले. २०१९ मध्ये पैशाच्या अडचणीत संघ बंद पडला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, तसे पाच वर्षे चालले होते.

गोव्यात याच्या उलट चित्र दिसते. पणजीचा धेंपो संघ हा खाणमालक घराण्याचा, १९६० च्या दशकापासूनचा. तेथे आर्मांडो कुलासो हे गोव्याचेच गृहस्थ दहा वर्षांहून अधिक काळ प्रशिक्षक होते. त्यांच्या हाताखाली संघ २००४-०५ आणि २००६-०७ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकला, आणि तिचे नाव आय-लीग झाल्यावर २००७-०८, २००९-१० व २०११-१२ मध्ये ती जिंकला. सात-आठ वर्षांत पाच विजेतेपदे! मधल्या हंगामांत हार झाली तेव्हा मालक श्रीनिवास धेंपो यांनी माणूस बदलला नाही. समीर नाईक, महेश गवळी, क्लायमॅक्स लॉरेन्स, क्लिफर्ड मिरांडा हे खेळाडू वर्षानुवर्षे टिकले, त्यांना एकमेकांची पावले ठाऊक होती. धीर धरला हे खरे. पण पगारही भरपूर दिला, हेही विसरू नये. पैशाशिवायचा धीर म्हणजे मुंबई एफसी: घसरण नाही, पण मुकुटही नाही. २०१३ मध्ये कुलासो यांच्या जागी ऑस्ट्रेलियाचे आर्थर पापास आले, आणि दोनच वर्षांत, २०१५ साली, धेंपो खालच्या वर्गात उतरले. केवळ त्या बदलामुळे उतरले, असे म्हणणे मात्र अन्याय होईल. तोपर्यंत सुपर लीग आली होती आणि पैसा व चांगले खेळाडू तिकडे वळू लागले होते.

आता ती चौथी गोष्ट. संघ असावा की नसावा, हेही मालकच ठरवितो. गोव्याचेच डेरिक परेरा यांची वाट पाहा. त्यांच्या मार्गदर्शनाखाली मुंबईच्या महिंद्रा युनायटेडने २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली. १९६२ पासूनचा हा संघ कंपनीने २०१० साली बंद केला. हरत होता म्हणून नव्हे. कंपनीचे धोरण बदलले म्हणून. परेरा तोवर पिरामल घराण्याच्या पुणे एफसीकडे आले होते. त्यांनी तो संघ पहिल्याच वर्षी तिसरा आणि २०१२-१३ मध्ये दुसरा आणला. २०१५ मध्ये तोही बंद झाला. पंजाबात फगवाड्याच्या जेसीटी कापड गिरणीचा संघ हा १९९६-९७ च्या पहिल्या राष्ट्रीय लीगचा विजेता. त्याला २०११ मध्ये कुलूप लागले. गिरणीच्या फाटकावर नोटीस लागावी, तसेच हे. फरक इतकाच, की गिरणीच्या नोटिशीवर आम्ही सरकारकडे जाऊ शकतो.

मग बाहेरचा बलाढ्य मालक बरा काय? मुंबई सिटी या संघाचे नोव्हेंबर २०१९ मध्ये पासष्ट टक्के भाग सिटी फुटबॉल समूहाने घेतले. मँचेस्टर सिटी ज्याची, तोच हा समूह. त्याच सुमारास गोव्यात एक चमत्कारिक प्रकार घडला. एफसी गोवा गुणतालिकेत सर्वांच्या वर असताना, साखळीचे तीनच सामने उरले असता, सर्जिओ लोबेरा या स्पॅनिश प्रशिक्षकाला मालकांनी काढले. मिरांडा यांनी उरलेले सामने निभावून पहिला क्रमांक राखला. लोबेरा मुंबईकडे गेले, मागोमाग त्यांचे काही खेळाडूही गेले. आणि करोनाच्या वर्षात सगळे सामने गोव्यातच झाले, तेव्हा याच मुंबईने उपांत्य फेरीत गोव्याला हरविले व १३ मार्च २०२१ रोजी करंडक नेला.

येथपर्यंत ही एका माणसाची गोष्ट झाली. पण लोबेरा गेल्यावर समूहाने आपल्याच मेलबर्नच्या संघातले सहायक डेस बकिंगहॅम यांना आणले. २०२२-२३ मध्ये मुंबई साखळीत पहिली आली. नोव्हेंबर २०२३ मध्ये तेही ऐन हंगामात इंग्लंडला गेले. पुन्हा मेलबर्नचेच पीटर क्रात्की आले, आणि मे २०२४ मध्ये करंडक पुन्हा मुंबईत आला. माणसे बदलली, खेळाची रीत बदलली नाही. शेतकरी ऊस तोडतो पण बेणे राखून ठेवतो, तसे. हे मला मालकाचे खरे काम वाटते, आणि ते सुपर लीगमध्ये तोवर कोणी असे केलेले मला दिसत नाही. तरीही २०२५ मध्ये लीगच्या कराराचा घोळ झाला, हंगाम लांबला, आणि त्या डिसेंबरात समूह आपला हिस्सा सोडून निघून गेला. सहा वर्षे पुरी झाली होती.

व्याख्यान संपल्यावर एका वृद्ध गृहस्थांनी विचारले, "मग संघ सहकारी का नसावा? आपल्या जिल्ह्याने प्रवरेला साखर कारखाना तसाच उभा केला ना?" प्रश्न मला फार आवडला. असे संघ आहेत. जर्मनीत १९९८ पासूनच्या नियमाने बहुतेक संघांत निम्म्याहून एक मत अधिक सभासदांच्या संस्थेकडे असावे लागते. तेथील फ्रायबुर्ग हा सभासदांचा छोटा संघ २०१५ मध्ये खालच्या वर्गात घसरला. प्रशिक्षक क्रिस्टियान श्ट्राइख यांना कोणी काढले नाही. पुढच्याच वर्षी ते संघ वर घेऊन आले, आणि २०२४ पर्यंत, बारा वर्षांहून अधिक काळ, त्या जागेवर राहून आपण होऊन निवृत्त झाले. आणि स्पेनची बार्सिलोना हीसुद्धा लाखावर सभासदांचीच संस्था. तेथे अध्यक्ष निवडणुकीने येतो. २०२० मध्ये एका अध्यक्षाने रोनाल्ड कूमन यांना प्रशिक्षक नेमले, २०२१ च्या मार्चमध्ये दुसरा अध्यक्ष निवडून आला, आणि ऑक्टोबरात कूमन घरी गेले. प्रश्न विचारणारे गृहस्थ एका कारखान्याचे जुने सभासद होते. ते शेजाऱ्याकडे पाहून हसले आणि म्हणाले, "हे आम्हाला सांगायला नको." मग खाली बसले.