कमरेवरचा चट्टा

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतील बाजारपेठांत आजही नऊवारी लुगडे नेसलेल्या आजी आणि धोतर नेसलेले आजोबा दिसतात. वर्षानुवर्षांच्या घट्ट गाठीने कमरेवर काळसर वा पांढरट चट्टा पडतो. तो इतका सवयीचा होतो, की त्याविषयी घरात कोणी बोलत नाही. त्वचेच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया करणाऱ्या तज्ज्ञाची नजर मात्र नेमकी तेथे थांबते.

मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. तेथील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत खानोलकर यांनी १९४५ मध्ये सहकाऱ्यासह भारतीय सवयींशी निगडित कर्करोगांवर शोधनिबंध प्रसिद्ध केला. कमरेवरील 'धोतर कर्करोग' त्यांतलाच. २०२४ मध्ये वर्धा आणि मधुबनी येथील डॉक्टरांनी सत्तरीच्या आसपासच्या दोन महिलांची अशीच उदाहरणे नोंदवली. त्यांतील एक लुगडे नेसणारी होती. तिचा रोग जांघेतील गाठीपर्यंत पोहोचला होता.

कारण साधे आहे. घट्ट कापड, घाम आणि धूळ यांनी त्वचा सतत घासली जाते. जखम भरते, पुन्हा उकलते. अनेक वर्षांनी त्या न भरणाऱ्या जखमेतील पेशी क्वचित कर्करोगाचे रूप घेतात. भाजल्याच्या जुन्या व्रणातही असे घडू शकते.

अशा वेळी त्वचातज्ज्ञ जखमेचा लहान तुकडा काढून तपासणीस पाठवतो. निदान पक्के झाल्यास शल्यचिकित्सक भोवतालच्या निरोगी त्वचेच्या पट्ट्यासह ती गाठ काढतो. अमेरिकेतील डॉ. फ्रेडरिक मोह्स यांनी १९३० च्या दशकात विकसित केलेल्या पद्धतीत एकेक थर काढून त्याच्या कडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या जातात. कडेला रोग दिसला, तर तेवढाच भाग पुन्हा काढतात. खतावणीचा ताळा जुळेपर्यंत मुनीम वही मिटत नाही, तसेच हे काम.

रोग लवकर सापडला, तर बहुधा शस्त्रक्रियेनेच भागते. उशीर होतो तो संकोचामुळे. कमरेचे दुखणे सुनेला वा मुलाला कसे सांगावे, म्हणून आजी हळद लावून गप्प राहतात. म्हणून विचारणा घरच्यांनीच करावी. नाडी रुंद व सैल असावी, बांधण्याची जागा अधूनमधून बदलावी. तीन-चार आठवड्यांत न भरणारी जखम, वाढणारी गाठ वा रक्तस्राव दिसल्यास त्वचातज्ज्ञाकडे जावे. दुकानातील थकबाकीची चौकशी रोज होते. घरातील वडीलधाऱ्यांच्या या न बोललेल्या दुखण्याचीही एकदा व्हावी.