थायलंड : मे महिन्यात की दिवाळीत?
उन्हाळी सुट्टीत फुकेतचं पॅकेज स्वस्त मिळतं, कारण मे ते ऑक्टोबर हा तिथला पावसाळा. किनाऱ्यावर लाल बावटा दिसला तर गुडघाभर पाण्यातही उतरू नका. वरून शांत वाटणारा पट्टाच माणसाला आत ओढून नेतो. याच काळात पूर्वेकडचं को सामुई बरंच कोरडं असतं. तिथला मोठा पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरचा, म्हणजे ऐन दिवाळीतला. मुलं लहान असतील तर सरळ जानेवारी-फेब्रुवारी गाठा, चार दिवस शाळा बुडाली तरी चालेल.

खरी भीती भाड्याच्या स्कूटरची. दुचाकीसाठी वैध इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट नसेल, तर अपघातानंतर विमा कंपनी दावा नाकारू शकते. स्कूटरसाठी पासपोर्ट तारण ठेवू नका. टुरिस्ट पोलीस : ११५५.