पावसाळ्याच्या बेगमीत दोन सेल

मे महिना सरत आला की आपणा सगळ्यांची एकच धांदल उडते. पापड-कुरडया डब्यात भरायच्या, लोणच्याच्या बरणीला फडकं बांधायचं, कडधान्यांना ऊन दाखवायचं, छत्र्या दुरुस्त करून आणायच्या. मैत्रिणींनो, या बेगमीच्या यादीत तुम्ही ट्रान्झिस्टरचे सेल लिहिता का? “छे! हातात मोबाइल असताना रेडिओ कशाला?” असंच म्हणाल. मीही म्हटलं असतं. पण २६ जुलै २००५ ची रात्र मी विसरू शकत नाही.

माझं माहेर डोंबिवलीचंच. तेव्हा मी अकरावीत होते. बाबा सकाळच्या लोकलने मुंबईला ऑफिसला गेले होते. दुपारी जो पाऊस लागला तो थांबेचना. संध्याकाळी वीज गेली, टीव्ही बंद पडला, फोन लागेना. रात्रीचे दहा वाजले तरी बाबांचा पत्ता नाही. आईला कपाटातला आजोबांचा ट्रान्झिस्टर आठवला. मेणबत्तीच्या उजेडात उघडला, तर आतले सेल पाझरून पांढरी बुकटी झालेली! घरात दुसरे सेल नव्हते. आईचा धीर सुटला. माझ्या धाकट्या भावाला ती गुडघाभर पाण्यातून स्टेशनवर पाठवायला निघाली. तेवढ्यात शेजारच्या काकू त्यांचा रेडिओ घेऊन आल्या. लोकल बंद आहेत, आहात तिथेच थांबा, असं त्यावर सांगत होते. आई मटकन खाली बसली. पण भाऊ घरातच राहिला. बाबा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, बरीचशी वाट रुळांवरून चालत, घरी आले.

२४ तासांत साडेचौसष्ट मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, तर हवामान खातं त्याला मुसळधार म्हणतं. त्या २४ तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला आणि कुलाब्याला पाऊणशेही नाही! म्हणून बातम्या ऐकताना ‘मुंबईत काय’ एवढंच ऐकून उठू नका. ठाणे जिल्ह्याचा इशारा वेगळा असतो, तो कान देऊन ऐका.

आता मोबाइलवरही सरकारी इशारा कर्कश आवाज करत येतो, हे खरं. तो जरूर वाचावा. पण मोबाइलला चार्जिंग लागतं, टॉवरला वीज लागते, आणि संकटात सगळेच एकदम फोन करू लागले की लाइन मिळत नाही. रेडिओचं तसं नाही. एकाने ऐकला काय नि लाखाने ऐकला काय, त्याच्यावर ताण पडत नाही. अमेरिकेत वादळाचा इशारा आला की आपोआप भोंगा वाजवणारे खास रेडिओ मिळतात. आपला साधा रेडिओ आपणहून वाजत नाही, तेव्हा सकाळी पोळ्या लाटताना तो लावायची सवय आपणच करायला हवी.

इशाऱ्याचे रंग आता मुलांनाही पाठ आहेत. आमच्या घरी त्यांचा अर्थ असा ठरला आहे. पिवळा असेल तर लक्ष ठेवायचं. नारिंगी असेल तर मोबाइल आणि टॉर्च चार्ज करायचे, पिण्याचं पाणी भरून ठेवायचं, औषधं आणि महत्त्वाचे कागद प्लास्टिकच्या पिशवीत बांधायचे. लाल असेल तर कामाशिवाय कुणी बाहेर पडायचं नाही. तळमजल्यावर राहणाऱ्यांनी पाणी आत येण्याआधीच मेन स्विच आणि गॅसचा रेग्युलेटर बंद करावा. जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाचा १०७७ आणि मदतीचा ११२ हे नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवा.

रेडिओचीही थोडी निगा हवी. आकाशवाणीचं मुंबई केंद्र जिथे नीट लागतं, तिथे डायलवर नेलपॉलिशचा ठिपका द्या, म्हणजे अंधारात टॉर्च धरून मुलांनाही लावता येईल. विजा कडाडत असताना रेडिओ प्लगवर न लावता सेलवर चालवा. पावसाळा संपला की सेल काढून ठेवा. आत राहिले तर आमच्यासारखी गत होते.

आता मी मानपाड्याला राहते आणि शाळेत अर्धवेळ शिकवते. हे रोज लोकलने कामाला जातात. आमचा एक नियम पक्का आहे: गाड्या बंद झाल्या तर ह्यांनी ऑफिसातच मुक्काम करायचा, आणि घरातून कुणीही शोधायला निघायचं नाही. रेडिओ माणसाला घरी आणून देत नाही; पण घरातलं दुसरं माणूस पाण्यात जाण्यापासून वाचवतो.

तेव्हा यंदा वाण्याच्या यादीत मीठ-मसाल्याखाली एक ओळ वाढवा: ट्रान्झिस्टरचे सेल, दोन जोड्या.