रुग्णालयीन अपशिष्ट

रुग्णांचे निदान, उपचार, शुश्रूषा व लसीकरण, तसेच वैद्यकीय संशोधन व प्रयोगशाळांतील तपासण्या यांमधून निर्माण होणाऱ्या टाकाऊ पदार्थांना रुग्णालयीन अपशिष्ट म्हणतात. भारतीय कायद्यात यासाठी ‘जैववैद्यकीय अपशिष्ट’ अशी संज्ञा आहे. मोठ्या रुग्णालयांप्रमाणेच प्रसूतिगृहे, लहान दवाखाने, दंतचिकित्सालये, रक्तपेढ्या, विकृतिवैज्ञानिक प्रयोगशाळा, पशुवैद्यकीय संस्था, रक्तदान व लसीकरण शिबिरे इ. ठिकाणीही ते निर्माण होते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार आरोग्यसेवेतून निर्माण होणाऱ्या एकूण अपशिष्टापैकी सु. ८५% भाग कागद, अन्नाचे उरलेले अंश, वेष्टने यांसारखा, म्हणजे घरगुती कचऱ्यासारखाच असतो. उरलेला सु. १५% भाग संक्रामक, विषारी वा किरणोत्सर्गी असतो. रक्ताने माखलेला एक बोळा साध्या कचऱ्याच्या टोपलीत पडला, तर ती संपूर्ण टोपली संक्रामक समजावी लागते. म्हणून अपशिष्ट निर्माण होते त्याच जागी व त्याच वेळी त्याची विभागणी करणे, हा त्याच्या व्यवस्थापनाचा पाया होय. एकदा एकत्र झालेले अपशिष्ट नंतर निवडण्याचा प्रयत्न करणे धोक्याचे असते व नियमांनीही ते अमान्य केले आहे.

धोके : सर्वांत मोठा धोका वापरलेल्या सुया, पाती व फुटलेली काच यांपासून असतो. बाधित व्यक्तीच्या रक्ताने दूषित झालेली सुई टोचल्यास, संरक्षक लस न घेतलेल्या व्यक्तीस ब प्रकारच्या यकृतशोथाचा (कावीळ) संसर्ग होण्याची शक्यता सु. ३०%पर्यंत असते, क प्रकारच्या यकृतशोथाच्या बाबतीत ती सु. १·८%, तर एड्सकारक व्हायरसाच्या बाबतीत सु. ०·३% असते. ब प्रकारच्या यकृतशोथाचा व्हायरस वाळलेल्या रक्तातही निदान सात दिवस संक्रामक राहू शकतो.

हा धोका डॉक्टर व परिचारिका यांच्यापुरता मर्यादित नसतो. वॉर्डातील सेवक, सफाई कामगार, कपडे धुणारे कामगार, कचरा वाहून नेणारे व कचरावेचक यांना तो पत्करावा लागतो. रुग्णालयात सुई टोचल्यास ती कोणत्या रुग्णासाठी वापरली होती, हे बहुधा शोधता येते व त्यानुसार उपचार ठरविता येतो. कचऱ्याच्या ढिगात सुई टोचलेल्या व्यक्तीस ते कळण्याचा मार्गच नसतो. एड्सकारक व्हायरसाविरुद्धचे प्रतिबंधक औषध शक्य तितक्या लवकर व ७२ तासांच्या आत सुरू करावे लागते; तथापि अशी जखम क्षुल्लक समजून दुर्लक्षिली जाते आणि ही मुदत निघून जाते.

दुसरा धोका पुनर्वापराचा होय. टाकून दिलेल्या सिरिंजा गोळा करून, धुऊन पुन्हा विकल्या गेल्यास रोग थेट रुग्णाच्या रक्तात पोहोचतो. २००० साली जगभरात दूषित सिरिंजांमुळे ब प्रकारच्या यकृतशोथाचे सु. २·१ कोटी, क प्रकारच्या यकृतशोथाचे सु. २० लाख व एड्सकारक व्हायरसाचे सु. २·६ लाख संसर्ग झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. २००९ मध्ये गुजरातमधील मोडासा परिसरात ब प्रकारच्या यकृतशोथाची मोठी साथ उद्‌भवली. वापरलेल्या सिरिंजांचा चोरटा व्यापार या साथीच्या निमित्ताने उघडकीस आला.

किरणोत्सर्गी द्रव्यांचा धोका ब्राझीलमधील गोयानिया येथे १९८७ साली दिसून आला. सोडून दिलेल्या एका किरणोपचार केंद्रातील यंत्राचा भाग भंगार म्हणून उचलला गेला व त्यातील सिझियम–१३७ वस्तीत पसरले. त्यामुळे चार व्यक्ती मृत्यू पावल्या आणि एक लाखाहून अधिक लोकांची तपासणी करावी लागली. भारतात किरणोत्सर्गी अपशिष्टासाठी स्वतंत्र नियम लागू होतात.

कायदेशीर तरतुदी : १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील स्वच्छतेविषयीच्या एका जनहित याचिकेच्या निर्णयात पन्नास वा अधिक खाटांच्या रुग्णालयांना दाहनभट्ट्या बसविण्याचे निर्देश दिले. त्यानंतर पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ अन्वये जुलै १९९८ मध्ये पहिले देशव्यापी नियम झाले. त्यांत अपशिष्टाचे दहा वर्ग होते व महिन्याला एक हजारांहून कमी रुग्ण तपासणाऱ्या दवाखान्यांना परवानगीच्या अटीतून सूट होती. मार्च २०१६ मध्ये त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली. यांनुसार वर्गांची संख्या चारवर आणली गेली व लहान दवाखान्यांनाही परवानगी आवश्यक झाली. महाराष्ट्रात व गोव्यात या नियमांची अंमलबजावणी त्या त्या राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आहे.

विभागणी : २०१६ च्या नियमांनुसार चार रंग ठरविले आहेत. (१) पिवळा : शस्त्रक्रियेत काढलेले अवयव व ऊतके, वार, रक्ताने भिजलेले बोळे व पट्ट्या, मुदत संपलेली औषधे, रासायनिक अपशिष्ट, प्रयोगशाळेतील जंतुसंवर्ध इत्यादी. (२) तांबडा : सलाइनच्या नळ्या व बाटल्या, कॅथेटर, मूत्रपिशव्या, सुई काढलेल्या सिरिंजा, हातमोजे यांसारख्या दूषित परंतु पुनश्चक्रणयोग्य वस्तू. (३) पांढरा, अर्धपारदर्शक : सुया, पाती व इतर धारदार धातूच्या वस्तू, यांसाठी न टोचले जाणारे, न गळणारे व सहज न उघडता येणारे पात्र लागते. (४) निळा : औषधांच्या काचेच्या कुप्या, फुटलेली काच व शरीरात बसविण्याची धातूची साधने. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावू नये, कारण टोपण लावतानाच हाताला सुई टोचण्याचा संभव असतो. पिशव्या तीन चतुर्थांश भरताच बांधाव्यात. प्रक्रिया न केलेले अपशिष्ट सामान्यतः ४८ तासांहून अधिक काळ साठविता येत नाही.

प्रक्रिया : पिवळ्या पिशवीतील बहुतेक अपशिष्ट द्विकक्ष भट्टीत जाळतात. पहिल्या कक्षाचे तापमान किमान ८००° से. व दुसऱ्याचे सु. १,०५०° से. ठेवतात आणि दुसऱ्या कक्षात वायू निदान दोन सेकंद राहतील अशी योजना असते. अपुऱ्या तापमानात क्लोरीनयुक्त प्लॅस्टिक जळाल्यास डायॉक्सिने व फ्यूराने ही अत्यंत विषारी संयुगे तयार होतात. त्यामुळे क्लोरीनयुक्त प्लॅस्टिकच्या पिशव्यांचा वापर बंद करण्याची तरतूद करण्यात आली असून तांबड्या पिशवीतील प्लॅस्टिक जाळले जात नाही. ते ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालील वाफेने, निर्जंतुक करतात. यासाठी १२१° से. तापमान व दर चौ. इंचास १५ पौंड दाब ६० मिनिटे ठेवणे ही एक मान्य रीत आहे. उष्णतेला चिवटपणे तोंड देणाऱ्या जिओबॅसिलस स्टीअरोथर्मोफिलस या जंतूचे बीजाणू पात्रात ठेवून ते मरतात की नाही, यावरून प्रक्रियेची परीक्षा करतात. त्यानंतर प्लॅस्टिकचे तुकडे केले जातात. त्यामुळे वस्तू मूळ रूपात बाजारात परतू शकत नाही.

सुया निर्जंतुक करून त्यांचे तुकडे करतात, सिमेंट–काँक्रीटमध्ये बंदिस्त करतात वा खास काँक्रीटच्या खड्ड्यात टाकतात. सामुदायिक केंद्राची सोय नसलेल्या दुर्गम भागात खोल पुरण्याची पद्धत मान्य आहे. यासाठी सु. २ मी. खोल खड्डा वस्तीपासून दूर घेतात. भूजलाची पातळी त्याच्या तळाखाली किमान ६ मी. असावी लागते. खड्डा अर्धा भरल्यावर पृष्ठभागापासून ५० सेंमी. अंतरापर्यंत चुना व त्यावर माती भरतात.

प्रत्येक दवाखान्याने स्वतःची भट्टी चालविणे खर्चाचे असते आणि वस्तीत धूर पसरविणारे ठरते. म्हणून अनेक संस्थांसाठी एक सामुदायिक प्रक्रिया केंद्र ही पद्धत रूढ झाली. असे केंद्र ७५ किमी. च्या आत उपलब्ध असल्यास रुग्णालयाला स्वतःचे प्रक्रिया संयंत्र उभारता येत नाही. वाहतुकीत पिशवी गहाळ होऊ नये, यासाठी तिच्यावर बार कोड लावणे आवश्यक असते.

कोव्हिड–१९ च्या साथीत, २०२० पासून, मुखपट्ट्या, हातमोजे व संरक्षक पोशाख यांच्या अपशिष्टात मोठी भर पडली. विलगीकरण कक्षातील अपशिष्टासाठी दुहेरी पिशव्या व स्वतंत्र खूण यांची पद्धत केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने त्या वेळी घालून दिली होती.

उत्तम भट्टी वा ऑटोक्लेव्ह असूनही, खाटेजवळ चुकीच्या पिशवीत टाकलेली सुई पुढील प्रत्येक टप्प्यावरील कामगाराला इजा करू शकते. यामुळे अपशिष्ट हाताळणाऱ्या प्रत्येकास प्रशिक्षण, जाड हातमोजे व बूट, वार्षिक आरोग्य तपासणी आणि ब प्रकारचा यकृतशोथ व धनुर्वात यांविरुद्ध लस देणे संस्थाचालकावर नियमांनी बंधनकारक केले आहे. अपघातांची नोंद ठेवणे हीदेखील त्याचीच जबाबदारी आहे. कंत्राटी सफाई कामगारांनाही या तरतुदींचा लाभ मिळणे आवश्यक आहे, कारण बांधलेली पिशवी बहुधा त्यांनाच उचलावी लागते.