शटर करकरतंय? मिस्त्री बोलावण्याआधी हे करून बघा

अकोले : भंडारदरा, राजूर पट्ट्यातल्या पावसाळ्यात लोखंडी शटरला गंज धरतो आणि उघडताना करकर सुरू होते. थोडक्या खर्चात ती घरीच कमी करता येते. मोटरचं शटर असेल तर आधी मेन स्विच बंद करा. दोन्ही बाजूंच्या खाचांमधली माती, जुनं चिकट ग्रीस फडक्यानं पुसून काढा. मग खाचेत सिलिकॉन स्प्रे मारा. जाड ग्रीसवर धूळ पुन्हा चिकटते. खाचेच्या पट्टीचे सैल बोल्ट आवळा.

वरच्या स्प्रिंगला मात्र हात लावू नका. तिच्यात प्रचंड ताण असतो. अचानक सुटली तर हात मोडू शकतो. शटर जड झालं किंवा आपोआप खाली घसरत असेल, तर कारागीरच बोलवा.